पहिल्या बक्षिसाचा मेक्सिकन

आइंडहोवनच्या आमच्या मंडळाचा गणपती शनिवारी येतो आणि रविवारी जातो. पंचांगात चतुर्थी कुठल्याही वारी असो, शाळेचा जिम हॉल आधी मिळत नाही, म्हणून बाप्पा थांबतात. याबद्दल कोणाची तक्रार नसते. तक्रारी होतात त्या लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धेबद्दल. नियम साधा आहे. मुलाने काहीतरी बनून यायचं आणि माइकसमोर चार ओळी मराठीत म्हणायच्या. इथली मुलं घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देतात, चिडली की डचमध्ये देतात, तेव्हा वर्षातून चार ओळी तरी तोंडून मराठी निघावी असा त्यामागचा हेतू. ओळी आया लिहितात, पोशाख आया शिवतात आणि निकाल लागला की रुसतातही आयाच.

मी रुसले होते. आदल्या वर्षी मी मुलाला वासुदेव केलं होतं, मोरपिसाच्या टोपीसकट, आणि पहिलं बक्षीस गेलं फुलकोबी झालेल्या एका मुलीला. ती फुलकोबी वर्षभर माझ्या डोक्यातून गेली नाही. माझा स्वभाव असा आहे. नवरा म्हणतो, तुझ्या नाकावर राग असतो आणि डोक्यात हिशेब. ही गोष्ट दोन हजार पंधराच्या आसपासची. त्या वर्षी स्पर्धेचा विषय होता ‘देशोदेशीचे लोक’.

पण आधी शेजारणीबद्दल सांगायला हवं. आमच्या रांगेत तीन घरं सोडून एक मेक्सिकन बाई राहायची. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच इंजिनियर. नवरा डच. तिची मुलगी आणि माझा मुलगा एका वर्गात होते. इथे बुधवारी शाळा दुपारी लवकर सुटते आणि नोकरी करणाऱ्या आयांची पंचाईत होते. आम्ही त्यावर तोड काढली होती. एका बुधवारी मी अर्धी रजा घ्यायची, दुसऱ्या बुधवारी तिने, आणि दोन्ही मुलं एकाच घरी. जिची पाळी नसेल तीसुद्धा ऑफिसातून सुटली की तडक त्या घरी यायची आणि जेवूनच जायची. परदेशात ओळखी पुष्कळ होतात. पण घरात पसारा असताना, डोक्याला तेल लावलेलं असताना जिला दार उघडता येईल अशी माझी ही एकच मैत्रीण होती.

तिची आणि माझी काळजीही एकच होती. तिची मुलगी स्पॅनिश समजायची आणि डचमध्ये उत्तरं द्यायची. “तिच्यात माझं काय उरेल?” असं ती एकदा भांडी विसळताना म्हणाली होती. हाच प्रश्न मी रोज माझ्या मुलाकडे बघून स्वतःला विचारत असे. तिची मुलगी मला ‘मावशी’ म्हणायची. माझ्या मुलाच्या मावशीशी मी फोनवर बोलताना तिने तो शब्द उचलला होता आणि मी तो तिला वापरू दिला होता.

माझ्या स्वयंपाकघरात तिने पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा डोळे मिटून म्हणाली, “हा आमचा आहे.” मला वाटलं चेष्टा करतेय. तर तिने सांगितलं की मिरची मुळात त्यांच्याकडची, जहाजांतून फिरत फिरत आमच्याकडे आली. मी वाद घातला. मिरचीशिवाय कोल्हापूर होतं यावर माझा विश्वास बसेना. शेवटी फोनवर शोधून पाहिलं आणि गप्प बसले. ती हसत राहिली आणि तिने अजून एक भाकरी मागितली.

त्या वर्षी वसंतात माझा मुलगा शाळेतून आला आणि जेवता जेवता त्याने विचारलं, “आई, डू वुई हॅव अ टॉयलेट इन पुणे?” वर्गात भूगोलाच्या पुस्तकात भारताचं पान झालं होतं. त्या पानावर रस्त्यात बसलेली गाय, उकिरड्यावर प्लास्टिक वेचणारी मुलगी आणि गंगेत बुडी मारणारा एक हाडकुळा म्हातारा होता. मधल्या सुट्टीत मुलांनी माझ्या मुलाला हा प्रश्न विचारला होता. पुण्यातल्या आजीच्या फ्लॅटमध्ये तीन बाथरूम आहेत हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने मला विचारलं. पुस्तकात छापलंय तर आपल्याच आठवणीत काही चूक असेल, असं त्याला वाटलं असावं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी शिक्षिकेची वेळ घेतली. माझं डच भाजी घेण्याइतपत होतं, म्हणून शेजारीण माझ्याबरोबर आली. आपला अर्धा दिवस तिने त्यासाठी खर्च केला. शिक्षिका भली होती. तिने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण भारत किती रंगीबेरंगी आहे. मुलांना ते पान फार आवडतं.” मी हसले. पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं म्हणून ओठ ताणून हसतात तसं. शेजारीण हसली नाही. तिने पुस्तकातलं ते पान उघडून शांतपणे एकेका चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, “या मुलाने यातलं काय आपलं म्हणून घ्यायचं?” मला तो प्रश्न सुचला नव्हता. तिथून सायकलने परत येताना मी तिला म्हटलं की तू नसतीस तर मी नुसती भांडून आले असते. ती म्हणाली, “मला सवय आहे.” कसली सवय, हे मी विचारलं नाही.

शिक्षिकेने दिलेलं ते पुस्तक दोन दिवस आमच्याकडे होतं. त्या पानाचे मी फोटो काढले, बहिणीला पाठवले, मंडळाच्या ग्रुपवर टाकले. पुढचं पान उलटून पाहावं असं काही मला वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये स्पर्धेचा विषय कळला तेव्हा मुलगाच म्हणाला, “आय वॉन्ट टू बी द मेक्सिकन. वुई ऑलरेडी हॅव द हॅट.” टोपी होती हे खरं. इकडे ब्राबांत प्रांतात फेब्रुवारीत कार्नावाल असतो, सगळं गाव वेषांतर करून नाचतं, आणि तो संपला की दुकानातले पोशाख पडत्या भावात मिळतात. मी त्यातला एक घेऊन ठेवला होता. भली मोठी गवती टोपी, चट्ट्यापट्ट्यांची घोंगडी आणि पाकिटात चिकटवायची काळी मिशी. पाकिटावर फक्त ‘मेक्सिकन’ एवढंच लिहिलं होतं. घेताना मनात आलं, कधीतरी उपयोगी पडेल.

आता मी हे कितीदा उलटसुलट करून बघितलं आहे. शेजारणीचं गाव मला माहीत होतं. डोंगरातलं थंड गाव, लोक वर्षभर स्वेटर घालतात, तिची आई तिथे दातांची डॉक्टर होती आणि दात उपटताना पेशंटला गाणी म्हणून दाखवायची. हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं, फोटो पाहिले होते. पण ती आणि मेक्सिको या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ती मैत्रीण होती. मेक्सिको शाळेपासून डोक्यात येऊन बसला होता. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. तिथले लोक नरबळी देत आणि मूठभर स्पॅनिशांनी त्यांचं साम्राज्य जिंकलं, एवढंच. परीक्षेत त्याची कारणं लिहायची असत. घोडे, बंदुका आणि लोकांचा भोळेपणा. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. त्यानंतर टीव्हीवरच्या सिनेमांतले दात पिवळे असलेले दरोडेखोर आले. इथे आल्यावर शुक्रवारी खिचडीचं ताट मांडीवर घेऊन मी आणि नवरा ज्या मालिका बघायचो त्यांतले मादक पदार्थांचे व्यापारी आले. एवढ्या भांडवलावर मी चार ओळी लिहिल्या. अर्ध्या तासात झाल्या, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मी मेक्सिकोचा अमिगो, मिशीला देतो पीळ,
मिरच्या खाऊन दिवसभर मी घालत बसतो शीळ.
कामाचं म्हणाल तर उद्या बघू, आज काढतो झोप,
घर नको मज, दार नको मज, पुरे मला हा टोप.

शेवटच्या ओळीला त्याने पुठ्ठ्याच्या निवडुंगाखाली आडवं व्हायचं, टोप तोंडावर ओढायचा आणि घोरायचं. निवडुंग नवऱ्याने कापून रंगवला. तालीम बुधवारी व्हायची, माझ्या पाळीच्या बुधवारी, दिवाणखान्यात. शेजारणीची मुलगी समोर बसून असायची. माझ्या मुलाची जीभ ‘पीळ’ आणि ‘शीळ’ला अडखळायची. मी “पुन्हा” म्हणायची, तो कंटाळायचा, आणि त्याच्याऐवजी ती म्हणून दाखवायची. दोन-तीन बुधवारांत तिला सगळं पाठ झालं. मी कौतुकाने “बरोबर” म्हणायची. मेक्सिकन आईच्या त्या मुलीला मी हे शिकवते आहे, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मला फक्त ‘ळ’ ऐकू येत होता.

शेजारणीला गणपतीचं आमंत्रण मीच दिलं. ती भरतकाम केलेला पांढरा ब्लाउज घालून आली, तिच्या आईने पाठवलेला. मंडळाची पद्धत अशी की बाहेरच्या पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि गुलाबाचं फूल आणि नारळ देऊन सत्कार करायचा. तिचाही झाला. नारळाचं काय करायचं ते न कळून ती तो मांडीवर बाळासारखा धरून बसली. मी तिच्या शेजारी होते. तिच्या पलीकडे तिची मुलगी.

स्पर्धा सुरू झाली. एक जपानी बाई येऊन गेली, एक इंग्रज साहेब येऊन गेला. मग माझा मुलगा घोंगडी लोळवत आला आणि हॉल हसायला लागला, अजून त्याने तोंडही उघडलं नव्हतं. पहिल्या रांगेतून तिची मुलगी त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. मिशीला पीळ देऊन झाला, शीळ घालून झाली. मग तो आडवा झाला आणि घोरू लागला, आणि टाळ्या थांबेनात. मी अभिमानाने शेजारणीकडे वळले.

ती हसत होती. टाळ्याही वाजवत होती, नारळ सांभाळून. पण ते हसू मला ओळखीचं होतं. शिक्षिकेने ‘रंगीबेरंगी’ म्हटल्यावर मीही तेच हसले होते. मराठीतलं एक अक्षर तिला कळलं नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. टोप, मिशी, निवडुंग, झोप. टाळ्या वाजवणारे माझे हात तसेच राहिले, ते थांबवायचे की चालू ठेवायचे हेही मला सुचेना. तेवढ्यात माइकवर पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि मला उठून मुलाबरोबर फोटोला उभं राहावं लागलं. त्या फोटोत मी हसते आहे. अजूनही मंडळाच्या वेबसाइटवर तो आहे.

जेवताना ती म्हणाली, “मुलाने छान केलं. अजिबात घाबरला नाही.” मी “थँक्यू” म्हणाले. माफी मागायची तर तेव्हाच मागायला हवी होती, पण मागे श्रीखंडाची रांग होती, बायका माझं अभिनंदन करत होत्या, आणि मला वाटलं की विषय काढला तर आत्ता जे झालं ते खरंच झालं असं होईल. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, ती काय मनाला लावून घेणारी आहे का? गंमत होती.” पुस्तकातल्या गाईवरून मीच मुकाट्याने बसले असते तर चाललं असतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “ते वेगळं. ते छापलेलं होतं.” मी त्याच्यावर खूप चिडले. पण स्वतःच्या मनाची समजूत घालताना मीही दुपारपासून हेच म्हणत होते.

सोमवारी मी मुलाकडून ते भूगोलाचं पुस्तक परत मागवून आणलं आणि भारताचं पान उलटलं. पुढचं पान मेक्सिकोचं होतं. भिंतीला टेकून, टोप तोंडावर ओढून झोपलेला एक माणूस, शेजारी निवडुंग, आणि खाली कुंपणावरून उडी मारणारे काही लोक. माझ्या मुलाने ते पान वर्गात पाहिलं होतं. तिच्या मुलीनेही पाहिलं होतं. आणि शिक्षिकेसमोर पुस्तक उघडून बोट ठेवताना हे पान तिच्या अंगठ्याखाली होतं. ती आमच्या पानाबद्दल बोलली आणि पुस्तक मिटलं.

ऑक्टोबरपासून तिच्या मुलीचा पोहण्याचा क्लास बुधवारी सुरू झाला. तसं तिने मला आधी कळवलं, अगदी नीट, महिनाभराच्या तारखांसकट. क्लास खरा होता. इथे सगळ्या मुलांना पोहणं शिकावंच लागतं. तरीही तो शनिवारी घेता आला असता. रस्त्यात भेटली की ती थांबायची, हवेबद्दल बोलायची. एकदा मी ठेचा करून डबा घेऊन गेले. तिने आभार मानून घेतला आणि धुतलेला डबा संध्याकाळी मुलीच्या हाती परत आला. रिकामा डबा पाठवू नये ही आपली रीत, आणि ती एरवी त्यात काहीतरी घालून पाठवायची, ती रीत तिने माझ्याच घरी शिकून घेतली होती. त्या दिवशी डबा रिकामा होता. मी ओट्याशी उभी राहून तो उघडला आणि मला रडू आलं.

फेब्रुवारीत कार्नावालच्या शुक्रवारी मुलं वेष करून शाळेत जातात. सकाळी दाराची घंटा वाजली. ती आणि तिची मुलगी उभ्या होत्या. मी घाईने दोघींना आत घेतलं. ती म्हणाली, “सॉरी, फार आयत्या वेळी विचारतेय. तिला तुमच्याकडचा तो पोशाख हवाय. आठवडाभर माझ्या मागे लागली आहे. मी म्हटलं, त्यांनी देऊन टाकला असेल. तर म्हणाली, पहिलं बक्षीस मिळालेलं कोणी देऊन टाकत नाही.”

पोशाख माळ्यावर होता. टाकवत नव्हता आणि बघवत नव्हता. मी “शोधावा लागेल” असं म्हणेपर्यंत माझा मुलगा धावत वर जाऊन पिशवी घेऊन आला. तो फुटबॉलपटू झाला होता, त्याला आता टोपाशी देणंघेणं नव्हतं. त्यानेच तिला मिशी चिकटवली. टोप तिच्या नाकापर्यंत आला. तिने तो मागे सारला, कमरेवर हात ठेवला आणि कोणी न सांगता, आमच्या घरातल्या बोळात, बुटांच्या ढिगाजवळ उभी राहून चारही ओळी म्हटल्या. स्वच्छ. शेवटी पायपुसण्यावर आडवी होऊन घोरलीसुद्धा.

माझा मुलगा हसला. बाकी कोणी हसलं नाही. तिची आई माझ्याकडे वळली. “आंघोळीच्या वेळी रोज म्हणते. आमच्याबद्दल आहे एवढं मला कळतं. काय म्हणते ती?”

खोटं बोलणं सोपं होतं. डोंगर, गाणी, ऊन असं काहीतरी माझ्या जिभेवर आलंही. पण तिने माझ्या मुलासाठी एकेका चित्रावर बोट ठेवलं होतं ते मला आठवलं आणि मी इंग्रजीत एकेक ओळ सांगितली. मराठीत यमक होतं, ताल होता, त्यात सगळं खपून गेलं होतं. इंग्रजीत नुसता अर्थ उरला. मिरच्या खातो आणि शीळ घालत बसतो. काम उद्या, आज झोप. घरदार नको, टोपी पुरे.

“कोणी लिहिलं?” तिने विचारलं.

“मी,” मी म्हणाले. “मला माफ कर. मी तेव्हाच यायला हवं होतं.”

बुटांच्या ढिगाकडे बघत ती म्हणाली, “मी तिला रोज माझ्या आईच्या गोष्टी सांगते. दातांच्या, गाण्यांच्या. आज मी तिला म्हटलं, आजीसारखा पांढरा कोट घालून जा. तर ती मला म्हणाली, मग मी मेक्सिकन आहे हे कोणाला कसं कळेल?”

मुलगी पायपुसण्यावरून उठली, घोंगडी झटकली आणि माझी बाही ओढली. तालमीच्या वेळी मी जो शब्द म्हणायची तोच तिने उचलला होता.

“मावशी, बरोबर?”

तिची आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “बरोबर.”

उशीर होत होता. त्या दोघी आपापल्या सायकलींवर बसल्या. वारा समोरून येत होता. टोप उडू नये म्हणून आई तिच्या बाजूने सायकल चालवत, एका हाताने तो लेकीच्या डोक्यावर दाबून धरून शाळेच्या रस्त्याला लागली.